पडद्यावरची चिकटवही

मराठी घरांत आज फोटो कधी नव्हते एवढे आहेत आणि फोटोंची पानं कधी नव्हती एवढी कमी. फोनमध्ये हजारोंनी पडलेले फोटो कुणी पुन्हा पाहत नाही, कारण ते कुणी लावलेलेच नसतात. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, त्या दिवशी काय झालं होतं, हे सांगणारं काहीच त्यांच्याबरोबर नसतं. डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे हे लावण्याचं काम. फोटोशॉप किंवा जिम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोरं पान उघडायचं, त्यावर फोटो, कागदाचे पोत, फिती, बटणं आणि अक्षरं रचायची, आणि ते पान छापून ठेवायचं. शाळेत आपण जिला चिकटवही म्हणत होतो तीच ही वही, फक्त डिंक आणि कात्री आता पडद्यावर आहेत. या कामाची गेल्या तीसेक वर्षांतली वाटचाल पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. सजावट जवळजवळ फुकट झाली आणि फोटोशेजारचे चार शब्द मागे पडले. माझ्या मते पान टिकतं ते त्या चार शब्दांवर, आणि पुढचा सगळा आढावा मी त्याच नजरेनं घेतला आहे.

चिकटवहीचं कूळ जुनं आहे. मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्ये अमेरिकेत स्वतःच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांवर गोंदाच्या पट्ट्या आधीच ओढलेल्या असत. पाण्याचा हात फिरवला की कात्रण बसलं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या खानदानी घरांतल्या बायका छोट्या कार्ड-फोटोंतली माणसं कातरून स्वतः जलरंगात काढलेल्या दिवाणखान्यांत, पत्त्यांच्या पानांवर, बदकांच्या धडांवरसुद्धा चिकटवत होत्या. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २००९ मध्ये या कोलाजांचं प्रदर्शन भरवलं. आज आपण ‘कटआउट’ म्हणून जे करतो ते सगळं त्या पानांत आहे. आपल्याकडेही हे होतंच. नाथद्वाऱ्याला फोटोतले चेहरे कापून श्रीनाथजींच्या चित्रात, पूजेला उभ्या असलेल्या रंगवलेल्या शरीरांवर बसवले जात. रविवर्मांचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला आला, तिथली देवादिकांची चित्रं घरोघर गेली, आणि हौशी हातांनी त्या छापील लक्ष्मीच्या, सरस्वतीच्या साडीवर जर आणि टिकल्या लावल्या. छापील प्रतिमा घ्यायची आणि तिला आपल्या हातानं आपली करायची, ही ओढ सॉफ्टवेअरच्या फार आधीची आहे.

या वह्यांकडे अभ्यासकांचं लक्ष उशिरा गेलं. एलन ग्रुबर गार्वी यांचा ‘रायटिंग विथ सिझर्स’ हा ग्रंथ २०१२ चा. कृष्णवर्णीय अमेरिकन आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रिया वर्तमानपत्रांची कात्रणं लावून स्वतःचा इतिहास कसा जपत होत्या, हे त्यात येतं. म्हणजे ज्यांची नोंद दुसरं कुणी ठेवत नव्हतं, त्यांनी ती कात्रीनं ठेवली. घरगुती वहीला फावल्या वेळाचा चाळा समजणाऱ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा.

आपल्या घरांतल्या अल्बमची गोष्ट मात्र उलट्या दिशेनं गेलेली दिसते. जुना अल्बम जाड काळ्या पानांचा असे. फोटोच्या चार टोकांना कागदी कोपरे, दोन पानांमध्ये जाळीची नक्षी असलेला पातळ कागद, आणि फोटोखाली पांढऱ्या शाईत किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं नाव आणि साल. मग चिकट पानांचे अल्बम आले. फोटो ठेवा, वरून प्लास्टिकचा पापुद्रा दाबा, काम झालं. त्यात लिहायला जागाच नव्हती. शिवाय त्या पानांतला गोंद आणि वरचं प्लास्टिक दोन्ही फोटोंना मारक ठरले. काही वर्षांत फोटोंवर पिवळ्या पट्ट्या उमटल्या आणि ते पानाला असे धरून बसले की ओढले तर फाटतात. त्यानंतर रोल धुवायला दिला की लॅबकडून मिळणारे ४×६ इंची खिशांचे अल्बम आले, आणि आता फोन आला. दर टप्प्यावर फोटो लावणं सोपं होत गेलं आणि लिहिण्याची जागा कमी होत गेली.

आधुनिक स्क्रॅपबुकचा धंदा उभा राहिला तो अमेरिकेतल्या उटाह राज्यात. स्पॅनिश फोर्क गावच्या मॅरिएलेन क्रिस्टेन्सन यांनी १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या जागतिक नोंद-परिषदेत आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या आणि पुढच्या वर्षी या सामानाचं दुकान काढलं. हे तिथेच का घडलं, याचं कारण सरळ आहे. तिथल्या मॉर्मन समाजात वंशावळ जपणं हे धर्माचं काम मानलं जातं. त्यामुळे सजावटीइतकाच भर टिकण्यावर होता. आम्लरहित कागद, फोटोला न खाणारा गोंद, आणि प्रत्येक पानावर हाताने लिहिलेला मजकूर. त्या मजकुराला तिकडे ‘जर्नलिंग’ म्हणतात आणि त्याच्याशिवाय पान पुरं झालं असं धरत नाहीत. पुढे १२×१२ इंचांचं चौकोनी पान या धंद्याचं माप होऊन बसलं.

हे पान पडद्यावर आलं ते थरांमुळे, म्हणजे लेयरमुळे. थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात थर नव्हते. एका चित्रावर दुसरं चिकटवलं की ते त्यातच मिसळून जाई, पुन्हा उचलता येत नसे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या पारदर्शक काचेवर ठेवल्यासारखी सुटी राहू लागली. १९९६ मध्ये पीएनजी हे फाइलरूप प्रमाणित झालं. जेपीजीत पारदर्शकता साठवता येत नाही, पीएनजीत येते, म्हणून कापून काढलेलं फूल किंवा फीत भोवतीच्या पांढऱ्या चौकोनाशिवाय पाठवता येऊ लागली. फोटोशॉपच्या १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत एका क्लिकवर सावली पडू लागली. २००१ मध्ये घरगुती वापरासाठी फोटोशॉप एलिमेंट्स निघालं. या चार गोष्टी जुळल्या आणि ‘किट’ विकण्याचा धंदा सुरू झाला. एका किटमध्ये दहा-बारा पार्श्वकागद जेपीजीत, तीस-चाळीस सुट्या वस्तू पीएनजीत, आणि सोबत वापराच्या अटींची एक फाइल. ज्यांना रचना जमत नाही त्यांच्यासाठी साचे, म्हणजे टेम्पलेट. करड्या चौकोनांच्या जागी आपले फोटो बसवायचे.

तो ‘बसवण्याचा’ प्रकार समजला की निम्मं काम आलं. फोटोचा थर करड्या आकाराच्या थरावर ठेवायचा आणि क्लिपिंग मास्क लावायचा, फोटोशॉपात कंट्रोल-ऑल्ट-जी. फोटो खालच्या आकारापुरताच दिसतो, बाकीचा झाकला जातो, कापला जात नाही. उद्या वाटलं की डावीकडचे काका अर्धे गेले आहेत, तर फोटो सरकवला की काका परत. नवशिके बहुतेकदा इथेच चुकतात. ते क्रॉप करतात, सेव्ह करतात, आणि मूळ गेलेलं असतं.

मापाचं गणितही सुरुवातीलाच पक्कं हवं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे १२×१२ इंचांचं पान ३६००×३६०० पिक्सेलचं, जवळजवळ एक कोटी तीस लाख ठिपक्यांचं. तीन रंगांचा हिशेब धरला तर पूर्ण भरलेला एकेक थर संगणकाच्या स्मृतीत चाळीसएक मेगाबाइट जागा घेतो. वीस-पंचवीस थर झाले की जुना संगणक का धापा टाकतो ते यावरून कळेल. आणि व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. ३०० नं भागलं तर सव्वापाच इंच. तो पानभर ताणला की चेहरे मेणाचे दिसतात. म्हणून पान करायला बसण्याआधी मूळ फाइल मागवावी. लोक देतात, फक्त मागावी लागते.

सावलीवर थोडं थांबतो, कारण पान खरं वाटतं की खोटं ते तिथे ठरतं. सॉफ्टवेअर तयार सावली देतं ती सहसा काळीकुट्ट आणि सगळ्या वस्तूंना सारखीच असते. खऱ्या टेबलावर तसं होत नाही. कागदावर कागद ठेवला तर सावली केसाएवढी पडते, जाड बटणाची त्याहून मोठी, आणि सुटलेल्या फितीच्या टोकाची तर लांब आणि धूसर. म्हणून फोटोच्या कागदाला दोन-चार पिक्सेल, बटणाला पंधरा-वीस अशी सावली वेगवेगळी द्यावी. रंग काळ्याऐवजी गडद तपकिरी, अपारदर्शकता (ओपॅसिटी) ३५ ते ४५ टक्के. उजेड सगळीकडे एकाच बाजूचा हवा. फोटोला डावीकडून आणि फुलाला उजवीकडून उजेड आला की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पान खटकतं. पुढची पायरी म्हणजे सावलीचा थर वस्तूपासून सुटा करून वार्प या साधनानं तिचं एक टोक किंचित बाहेर ओढणं. फोटोचा कोपरा कागदावरून उचलला गेल्यासारखा दिसतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानं पानात हवा खेळते. त्यापुढे मात्र थांबावं. उचललेले कोपरे चारही फोटोंना केले की डोळा फोटोतल्या माणसाकडे जायचं सोडून कोपऱ्यांकडे जातो.

जुने फोटो घेतले की काम निराळंच होतं, आणि मला वाटतं डिजिटल स्क्रॅपबुकचं खरं मोल तिथे आहे. चिकट पानाला धरलेला फोटो ओढू नये. पानासकटच स्कॅन करावा, किंवा दातांत फिरवायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्यावा. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर दुप्पट मोठा करूनही छापता येतो. मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाचं तरी वळणदार अक्षर तिथेच असतं. ते अक्षर पानावर आणायची युक्ती सोपी आहे. तो थर ‘मल्टिप्लाय’ मोडवर टाकायचा. या मोडमध्ये वरच्या आणि खालच्या रंगांचा गुणाकार होतो, आणि पांढऱ्यानं गुणलं की खालचा रंग तसाच राहतो. म्हणून कागदाचा पांढरेपणा नाहीसा होतो, शाई तेवढी उरते. लेव्हल्समध्ये पांढऱ्याची खूण थोडी डावीकडे ओढली की जुन्या कागदाचा पिवळेपणाही जातो. आजीनं वहीत लिहिलेली लोणच्याची कृती, वडिलांच्या पोस्टकार्डावरचा पत्ता, बहिणीच्या प्रगतिपुस्तकावरची सही, हे पानावर असं उतरलं की विकतच्या किटमधलं कुठलंही फूल त्याच्यापुढे फिकं पडतं.

साधनं कोणती घ्यावीत, यावर लोक फार वेळ घालवतात, म्हणून थोडक्यात सांगतो. फोटोशॉप २०१३ पासून वर्गणीवर गेलं. रोजचं काम असेल तरच ती वर्गणी परवडते. एलिमेंट्स घरगुती कामाला पुरतं, पण आता त्याचा परवानाही तीन वर्षांपुरता असतो. पेंट शॉप प्रो हे एके काळी या छंदाचं लाडकं सॉफ्टवेअर होतं, २००४ पासून ते कोरेलकडे आहे. जिम्प १९९६ पासून मोफत आहे. त्याची तिसरी आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली आणि सावलीसारखे परिणाम नंतर बदलता येण्याची सोय त्यात झाली. ही सोय नसणं ही जिम्पची जुनी अडचण होती. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर शिकायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही. कॅनव्हा फोनवरही चालतं, पण तिथे थरांवर आपला ताबा मर्यादित असतो. शिकणाऱ्याला मी जिम्प किंवा फोटोपी सांगतो आणि वाचलेले पैसे छपाईला ठेवायला सांगतो.

मराठी माणसासाठी याहून कळीचा प्रश्न अक्षरांचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरी जोडता येत नसे. युनिकोडमध्ये ‘किशोर’ टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी क च्या मागे जाऊन पडे आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होत. म्हणून छपाईवाल्यांनी आणि स्टुडिओंनी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम धरलं. या पद्धतीत मराठी अक्षराच्या आकारामागे इंग्रजी अक्षराचा संकेत साठवलेला असतो. त्या संगणकावर सगळं सुरेख दिसतं, पण तीच पीएसडी फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘शुभविवाह’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा येतो. आजच्या फोटोशॉपमध्ये हा प्रश्न सुटलेला आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय, नव्या आवृत्तीत ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी, निवडून ठेवली की युनिकोड मराठी नीट जोडलं जातं. तरीही अनेक स्टुडिओंत २००२ सालचं फोटोशॉप ७ अजून चालू आहे, आणि मराठी मजकूर टाळण्याचं ते एक मोठं कारण आहे. मुलगा-मुलगी दोघंही साताऱ्याकडची, पाहुणे सगळे मराठी, आणि पानावर इंग्रजीत ‘मेड फॉर ईच अदर’. कारण ते साच्यात तयार असतं आणि तुटत नाही.

साच्यांची दुसरी अडचणही याच जातीची. बाहेरचे साचे रोमन अक्षरांसाठी केलेले असतात. तिथे शीर्षकाची अक्षरं ऐसपैस सुटी ठेवायची पद्धत आहे. त्याच चौकटीत ‘बारसं’ टाइप केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द उभ्या तुकड्यांसारखा दिसतो. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यावर आणावं, हा पहिला उपाय. ओळींमधलं अंतर दुसरं; वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात, म्हणून रोमनपेक्षा अंतर बरंच मोकळं ठेवावं लागतं. तिसरी गोष्ट वळणाची. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानं पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीचं वळण ठरवलं आहे, पण पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण येतं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते लगेच परकं वाटतं. मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी केला. तो पडद्यावर वाचण्यासाठी आहे, अल्बमच्या शीर्षकासाठी नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू खुल्या परवान्यावर मिळतात, आणि त्यांत पातळ-जाड अशी वजनं असल्यानं एकाच कुळातून शीर्षक आणि मजकूर दोन्ही निभतात. एका पानावर दोनच फॉन्ट, हा माझा आग्रह.

आता आपल्याकडच्या मोठ्या बाजाराकडे येऊ. हौशी स्क्रॅपबुक महाराष्ट्रात फार रुजलं नाही. पण त्याच तंत्रावर उभा राहिलेला लग्नाचा ‘करिझ्मा अल्बम’ तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. उघडल्यावर १२×३६ इंच, म्हणजे ३६००×१०८०० पिक्सेल, न फाटणारा जाड कागद, सपाट उघडणारी पानं. स्टुडिओत एक मुलगा किंवा मुलगी दिवसभर हेच काम करते. शेकडो पीएसडी साच्यांच्या डीव्हीडी किंवा ड्राइव्ह, त्यातून एक निवडायचा, चेहरे कापून बसवायचे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की एकामागून एक अल्बम करायचे असतात. या कारागिरांचा हात विलक्षण चालतो. केसांच्या कडा सोडवणं, हळदीच्या पिवळ्या उजेडातून त्वचेचा रंग परत आणणं, हे त्यांच्याइतकं सफाईनं मी कुठेच पाहिलेलं नाही.

उणीव आहे ती त्यांना मिळणाऱ्या मालात आणि वेळेत. साच्यांत परदेशी किल्ले, लाल गुलाब, धुकं. सीमांतपूजन, अंतरपाट धरलेले मामा, सूनमुख पाहणारी सासू, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव, यांना साच्यात जागा नसते. नवरानवरीचे तेच तीन चेहरे पानभर मोठे होतात आणि मांडवातली माणसं शेवटच्या दोन पानांवर टपाल तिकिटांएवढी होतात. वीस वर्षांनी अल्बम उघडला जातो तो बहुधा याच माणसांना शोधायला. शिवाय १२×३६ च्या पानाची घडी मधोमध येते, आणि घाईत एखादा चेहरा त्या घडीवर जातो. ऑर्डर देणाऱ्यानं दोन गोष्टी आधी सांगाव्यात. विधींचा क्रम मराठीत लिहून द्यावा, आणि नातेवाइकांची नावं टाइप करून युनिकोडमध्ये पाठवावीत. माझा अनुभव असा की यादी हातात दिली की डिझायनर ती आनंदानं लावतो, त्याला आजवर कुणी दिलेली नसते.

बाहेरचे किट न घेता आपलं सामान आपण करणं फार अवघड नाही. पैठणीचा काठ स्कॅनरच्या काचेवर सपाट पसरून ६०० डीपीआयवर घेतला की पानाची किनार तयार. एक तुकडा कडेला कडा जुळवून पुन्हा पुन्हा लावायचा, त्यासाठी फोटोशॉपात ऑफसेट नावाचा फिल्टर आहे. लग्नपत्रिकेचा हळदकुंकू लावलेला कोपरा, एसटीचं तिकीट, नाटकाचं तिकीट, रेशीमगाठ, दारातली ठिपक्यांची रांगोळी. रांगोळीचा फोटो अगदी वरून, ढगाळ उजेडात काढावा. गडद जमिनीवर पांढरी रेघ असेल तर ‘स्क्रीन’ मोडवर टाकली की जमीन नाहीशी होऊन रेघ उरते, मल्टिप्लायच्या नेमकं उलट. इरकलीचा पोत पार्श्वभूमीला घेतला तर तीव्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरवावी, नाहीतर तो फोटोंशी भांडतो. असं सामान एका फोल्डरमध्ये साठत गेलं की दोनेक वर्षांत घराचं स्वतःचं किट होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या पानावर दिसत नाही.

विकतच्या किटच्या अटी वाचायला हव्यात. ‘पर्सनल यूज’ लिहिलेलं असेल तर आपल्या घरच्या पानांपुरतं. तेच वापरून दुसऱ्याचा अल्बम पैसे घेऊन करून देता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. टेलिग्रामवर फुकट फिरणारे साचे बहुतेक कुणाचे तरी चोरलेले असतात, आणि त्यामागच्या चित्रकाराचं पोट त्यावर असतं. आपल्या बाजूनं कायदा काय सांगतो तेही माहीत असावं. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो आपले. स्टुडिओच्या करारात याउलट ओळ आहे का, ते सही करण्याआधी पाहावं, आणि अल्बमबरोबर मूळ फाइलीही मिळतील असं त्यातच लिहून घ्यावं.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेनं हे काम आतून बदललं. २०१८ मध्ये फोटोशॉपात एका क्लिकवर माणूस निवडता येऊ लागला, २०२० मध्ये काळ्यापांढऱ्या फोटोला रंग भरणारा फिल्टर आला, २०२३ मध्ये शब्द लिहून चित्राचा भाग नव्यानं घडवण्याची सोय आली. कटआउटचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं. पार्श्वभूमीचा कागद यंत्रानं घडवला तरी माझी हरकत नाही. चेहऱ्याला आणि कपड्याला मात्र हात लावू देऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा उतरे. म्हणून त्या काळच्या फोटोंत पणजीच्या कपाळीचं कुंकू काळं दिसतं आणि लाल लुगडंही काळं. यंत्राला तिथे काळंच दिसणार आणि ते काळंच रंगवणार, किंवा कुठल्यातरी सरासरीनं निळं करणार. लुगड्याचा रंग ज्या आत्याला आठवतो तिला विचारावं आणि तो फोटोखाली लिहावा. ‘डाळिंबी लुगडं, हिरवे काठ’ एवढ्या चार शब्दांनी जे कळतं ते रंगवलेल्या फोटोतून कळत नाही. धूसर चेहरा ‘सुधारणारी’ ॲप तर दुसऱ्याच माणसाचे डोळे बसवतात. एका पिढीनंतर तोच आपल्या आजोबांचा चेहरा ठरेल.

छपाईच्या बाबतीत १२×१२ चा हट्ट सोडावा, असं माझं मत झालं आहे. ते माप उटाहच्या कागदाचं. आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या लॅबमध्ये १२×१८ आणि ८×१२ सहज मिळतं, एकेक पान करून घेता येतं, आणि कुठलंही फोटोस्टेशनरीचं दुकान त्या मापाचे अल्बम ठेवतं. पान एसआरजीबी रंगपद्धतीत द्यावं, कडेला तीनेक मिलिमीटर जादा ठेवावं, आणि मजकूर कडेपासून अर्धा इंच आत. पहिल्यांदा एकच पान छापून दिवसाच्या उजेडात पाहावं; पडदा नेहमी जास्त उजळ असतो आणि छापलेलं पान गडद येतं.

जपण्याचा प्रश्न त्याहून बिकट आहे. गूगलचं पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, आणि लग्नाच्या डीव्हीडी लावायला आता नव्या लॅपटॉपात जागाच नसते. पीएसडी ठेवावी, पण तिच्याबरोबर पूर्ण मापाची जेपीजी किंवा टिफही ठेवावी, कारण थरांची फाइल उघडणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे कायम असेलच असं नाही. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या भावाबहिणीकडे. पानावरची नावं फाइलीतही लिहून ठेवता येतात. फोटोशॉपात ‘फाइल इन्फो’ म्हणून एक खिडकी आहे, तिच्यात वर्णनाच्या रकान्यात युनिकोड मराठीत कोण, कुठे, कधी ते लिहिलं की पुढे शोधताना सापडतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही माहिती पुसली जाते आणि पिक्सेलही कमी होतात. म्हणून नातेवाइकांना पान पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. माप पूर्ण जातं आणि आत लिहिलेली नावंही.